लेकीला लस, आईला तपासणी



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. वाणं लुटून झाली, तिळगूळ झाला, मसाला दुधाचे कप फिरत होते. आमच्या महिला समितीतली एक मैत्रीण नर्स आहे. तिने सहज विचारलं, "एनएचएसचं स्मिअर टेस्टचं पत्र कोणाकोणाला येतं गं?" जवळजवळ सगळे हात वर झाले. "आणि कोण कोण जाऊन आलं?" अर्धेअधिक हात खाली! कोणाला एकदम स्वयंपाकघरातल्या कामाची आठवण झाली, कोणी साडीचा पदर सारखा करू लागलं. एक काकू म्हणाल्या, "आता या वयात कशाला? आमचं सगळं आटोपलंय." एक तरुण सूनबाई हळूच म्हणाली, "भीती वाटते हो. काही निघालंच तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं."

घरी परतताना आमच्या मनात तेच घोळत होतं. ज्या देशात ही तपासणी फुकट मिळते, पत्र दारात येतं, तिथे आपण ते पत्र फ्रीजवर चुंबकाखाली अडकवून ठेवतो. आणि तिकडे आपल्याच गावाकडच्या बायकांना असं पत्र कोणी पाठवतच नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत, ज्या कामासाठी हा निधी गोळा करतो आहोत त्याच विषयावर, चार शब्द मोकळेपणाने लिहायचं ठरवलं. विषय जरा अवघड वाटेल, पण वाचा. आणि पुरुष मंडळींनो, तुम्हीही पान उलटू नका, हा विषय तुमचाही आहे.

हे दुखणं नेमकं काय?

गर्भाशय, म्हणजे आपण जिला 'पिशवी' म्हणतो, तिचं खालचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. तिथे होणारा कर्करोग तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. जवळजवळ प्रत्येक वेळी या कर्करोगाच्या मुळाशी एक विषाणू असतो, त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हा संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही, ते मोठं खटलं आहे. दोनशेच्या आसपास भावंडं! काहींमुळे हातापायावर साधे चामखीळ येतात. पण डझनभर प्रकार धोक्याचे आहेत, आणि त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोघे सगळ्यात द्वाड. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांमुळे होतात.

आता दिलासा देणारी गोष्ट. हा विषाणू अंगात शिरला म्हणजे कर्करोग झाला, असं मुळीच नाही. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. दहापैकी नऊ वेळा आपलं शरीरच वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्या थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदललेल्या पेशींचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. इतका सावकाश येणारा आणि वाटेत अडवायला इतका वेळ देणारा कर्करोग क्वचितच दुसरा असेल. म्हणूनच आम्ही म्हणतो, की या दुखण्याने बाई जाणं ही निव्वळ नशिबाची गोष्ट नाही. बहुतेक वेळा कुठेतरी वेळेवर तपासणी झालेली नसते.

"पण मला कसं होईल?"

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आला, आणि त्यामागचा न विचारलेला प्रश्नही. "मी तसली नाही", "आमच्याकडे तसलं काही नाही." म्हणून इथे जरा थांबू या.

हा विषाणू त्वचेच्या जवळच्या स्पर्शातून पसरतो. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. शिवाय तो वर्षानुवर्षं अंगात गुपचूप पडून राहू शकतो. वीस वर्षांच्या संसारानंतर एखादीच्या रिपोर्टवर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' आलं, तर त्यावरून तो कधी आला, कोणाकडून आला हे सांगता येत नाही. कोणाचं पाऊल घसरलं असा त्याचा अर्थ काढू नये. आमच्या ओळखीतल्या एकीने असा रिपोर्ट नवऱ्यापासून सहा महिने लपवून ठेवला आणि पुढच्या तपासणीलाही गेली नाही. विषाणूपेक्षा त्या लाजेचाच धोका मोठा होता. सुदैवाने तिच्या बहिणीने हाताला धरून नेलं आणि सगळं ठीक निघालं. पण प्रत्येकीला अशी बहीण इथे जवळ असतेच असं नाही, म्हणून तर मंडळ आहे.

लस कशी काम करते?

या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. असतं ते फक्त विषाणूचं बाहेरचं कवच, तेही प्रयोगशाळेत तयार केलेलं. नारळाची करवंटी असावी पण आत खोबरं नसावं, तसं. आपलं शरीर ते कवच बघतं, त्याचा चेहरा लक्षात ठेवतं आणि पुढे खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवतं. आत काही नसल्यामुळे लसीपासून एचपीव्ही होणं शक्यच नाही.

चोर घरात शिरण्याआधी कुलूप लावायचं असतं. तसंच या लसीचं आहे. आधीच अंगात असलेला विषाणू ती काढून टाकत नाही. म्हणून ती लहान वयात, १२-१३ व्या वर्षी देतात. "एवढ्याशा पोरीला तसल्या रोगाची लस? तिला वाटेल आईवडिलांनी मोकळीकच दिली!" असं एक आजी म्हणाल्या. आजी, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं म्हणून मुलं मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देत नाहीत. लस घेतलेल्या मुली लवकर वाहवत जातात का, हे अनेक देशांत तपासून झालंय. तसं काही आढळलेलं नाही.

इंग्लंडमध्ये शाळांतून ही लस द्यायला २००८ साली सुरुवात झाली, आणि त्याचं फळ आता डोळ्यांसमोर आहे. २०२१ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आलेल्या अभ्यासानुसार, ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी लस देऊ केली गेली, त्यांच्या पिढीत या कर्करोगाचं प्रमाण ८७ टक्क्यांनी खाली आलं. स्कॉटलंडने २०२४ च्या जानेवारीत सांगितलं, की १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या तिथल्या मुलींमध्ये पुढे पसरलेल्या कर्करोगाची एकही केस आढळली नाही. एकही नाही!

२०१९ पासून इथे मुलग्यांनाही लस देतात. एक तर त्यांच्यामुळे विषाणूचा प्रसार थांबतो. आणि दुसरं म्हणजे घशाचे व गुदद्वाराचे काही कर्करोग एचपीव्हीमुळेच होतात, ते पुरुषांनाही होतात. तेव्हा मुलगा आहे म्हणून शाळेचा फॉर्म दप्तरात तसाच पडू देऊ नका.

त्रास म्हणाल तर दंड दुखणं, थोडी कणकण, कधी डोकेदुखी. काही मुलींना सुई बघूनच चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

बार्शी आणि उस्मानाबादचं देणं

सप्टेंबर २०२३ पासून इथे दोन डोसांऐवजी एकच डोस पुरेसा मानला जातो. हे कशावरून ठरलं, हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

२००९ साली भारतात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीन डोस द्यावेत की दोन पुरतील, एवढंच बघायचं होतं. बार्शी, पुणे आणि मुंबईसह देशातल्या नऊ ठिकाणच्या १० ते १८ वयाच्या मुली त्यात होत्या. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये या लसीचा दुसराच एक प्रकल्प चालू होता. त्यातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्याचं उघड झालं. हा दोष गंभीर होता आणि त्यावर टीका झाली ती रास्तच झाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. त्यामुळे बार्शी-पुण्याकडच्या या अभ्यासातल्या मुलींचेही पुढचे डोस राहिले. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला.

अभ्यास फसला असंच कोणालाही वाटलं असतं. पण डॉक्टरांनी या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षं त्यांची तपासणी केली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्यांचाही माग ठेवला. दहा वर्षांनी दिसलं, की १६ आणि १८ नंबरच्या चिवट संसर्गापासून एकाच डोसाने जवळजवळ तीन डोसांइतकंच संरक्षण मिळालं होतं, ९५ टक्क्यांच्या आसपास. केनिया आणि कोस्टारिकातल्या अभ्यासांचे निष्कर्षही तसेच आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली, आणि मग ब्रिटनही त्या वाटेने गेलं.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांना घेऊन एक अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. वेगवेगळ्या तपासण्यांची तुलना केली होती. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी झाली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. इंग्लंडमध्ये स्मिअरचा नमुना आधी एचपीव्हीसाठी तपासण्याची पद्धत सगळीकडे लागू झाली ती २०१९ च्या अखेरीस.

म्हणजे आपल्या लेकींना इथे शाळेत एकदाच सुई टोचून घ्यावी लागते, त्यामागे बार्शी-पुण्याकडच्या मुलीही आहेत. आपली तपासणी इतकी पक्की झाली आहे, त्यामागे धाराशिवच्या शेतात राबणाऱ्या बायकाही आहेत. त्यांनी आपलं अंग पुढे केलं, फायदा मात्र आपल्याला आधी मिळाला.

तपासणीला घाबरण्यासारखं काय आहे?

लस घेतली तरी सगळ्या प्रकारांपासून संरक्षण मिळत नाही. आणि आमच्या वयाच्या बायकांच्या लहानपणी ही लस नव्हतीच. म्हणून तपासणी हवीच. इथे २५ ते ६४ वयाच्या बायकांना पत्र येतं. एचपीव्ही नाही असं आलं तर पुढचं बोलावणं सहसा पाच वर्षांनी.

काम जेमतेम पाच मिनिटांचं. कमरेखालचे कपडे काढून पलंगावर झोपायचं, अंगावर चादर असते. नर्स एक छोटं उपकरण आत घालून मऊ ब्रशने पेशींचा नमुना घेते. थोडं अवघडल्यासारखं होतं, कोणाला जरा दुखतं. आमच्यातल्या एकीला पहिल्या वेळी फार दुखलं, आणि तोंडातून शब्द न काढता ती घरी आली. नंतर कळलं, की लहान आकाराचं उपकरण मागता येतं. बाईच हवी असं अपॉइंटमेंट घेतानाच सांगता येतं. सोबत कोणाला नेता येतं, आणि 'थांबा' म्हटलं की थांबतात. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो, किंवा मंडळातली कोणीही बरोबर येईल.

एचपीव्ही आढळला तर त्याच नमुन्यातल्या पेशी बघतात. पेशी ठीक असतील तर वर्षाने पुन्हा बोलावतात. बदललेल्या असतील तर हॉस्पिटलात दुर्बिणीतून नीट बघतात आणि गरज पडली तर तेवढाच भाग काढून टाकतात. बहुतेक वेळा जागा बधिर करून हे काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. कर्करोग होण्याच्या आधीच त्याची वाट बंद.

तुम्हाला जेड गुडी आठवते? शिल्पा शेट्टीबरोबरच्या भांडणामुळे २००७ साली गाजलेली. २००८ च्या ऑगस्टमध्ये ती भारतात 'बिग बॉस'मध्ये असताना तिला फोनवर हाच कर्करोग झाल्याचं कळलं. मार्च २००९ मध्ये, इथल्या मदर्स डेच्या दिवशी ती गेली. वय अवघं २७, मागे दोन लहान मुलगे. तपासणीनंतर आलेल्या पत्रांकडे आपण भीतीने दुर्लक्ष केलं, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. त्या काळात तपासणीला जाणाऱ्या बायकांची संख्या काही लाखांनी वाढली. पण ती लाट पुढे ओसरली.

आणि तिकडे गावाकडे?

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग होतो आणि जवळजवळ ८० हजार जणी दगावतात. म्हणजे हे पान वाचून होईपर्यंत एखादी गेलेली असेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींची ही तपासणी कधीतरी झालेली होती. इथे हेच प्रमाण शंभरात सत्तरच्या आसपास आहे, आणि त्यालाही इथले डॉक्टर कमीच म्हणतात.

माहिती नसली की भीतीचा बाजार होतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पिशवी मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ साली उघडकीला आलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना 'पुढे कॅन्सर होईल' अशी धास्ती घातली होती. तपासणी न करता थेट ऑपरेशन!

खरं तर तपासणीला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. गर्भाशयमुखावर व्हिनेगरमध्ये असतं तेच पातळ ॲसिड लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हाच प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं. बारा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. लसीच्या बाबतीतही आता भारत परावलंबी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली.

आता आपण काय करायचं?

• फ्रीजवरचं ते पत्र काढा आणि याच आठवड्यात फोन लावा. भारतातून नव्याने आलेल्या मुलींनी आधी जीपीकडे नाव नोंदवा, त्याशिवाय पत्र येत नाही.

• मुलगी असो वा मुलगा, शाळेचा लसीचा फॉर्म भरून पाठवा. राहून गेलं असेल तर सगळ्या मुलींना, आणि १ सप्टेंबर २००६ नंतर जन्मलेल्या मुलग्यांना, पंचविसावा वाढदिवस होईपर्यंत एनएचएसमध्ये लस मिळू शकते.

• वय ६५ च्या वर असेल आणि पन्नाशीनंतर एकदाही तपासणी झाली नसेल, तर जीपीकडे मागून घ्या. काकू, हे तुमच्यासाठी!

• पिशवी काढली असेल तर गर्भाशयमुखही काढलं आहे का, हे विचारून घ्या. ते राहिलं असेल तर तपासणी चालूच ठेवायची.

• पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागलं, तर पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

• भारतात फोन कराल तेव्हा आईला, सासूबाईंना, वहिनीला, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा, "तपासणी केलीत का?" तिशीनंतर ती सरकारी व्यवस्थेतही सांगितलेली आहे. भाचीच्या लसीचं तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

आपलं वाण

यंदाच्या कार्यक्रमाचा निधी सोलापूर-धाराशिव भागातल्या खेड्यांमध्ये होणाऱ्या तपासणी शिबिरांसाठी पाठवणार आहोत. तपासणीत काही निघालं तर त्या बाईला पुढच्या उपचारापर्यंत नेऊन पोचवायचं, ही अट आम्ही आधीच घातली आहे. नुसतं 'तुला काहीतरी आहे' असं सांगून वाऱ्यावर सोडणं हा अन्याय होईल. आणि प्रत्येकीला मराठीत, तिच्या भाषेत समजावून, तिची स्वतःची संमती घेऊनच तपासणी व्हावी, ही दुसरी अट.

देणगीचा फॉर्म शेवटच्या पानावर आहे. इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स जास्त घालतं.

संक्रांतीला आपण वाण देतो ते दुसरीचं सौभाग्य चिंतून. धाराशिवच्या त्या बायकांनी आपल्याला न मागता, न ओळखता एक वाण देऊन ठेवलंय. आता ओटी भरण्याची पाळी आपली.

पुढच्या हळदीकुंकवाला आमची मैत्रीण पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा सगळे हात वर दिसू देत!

आपल्या,
महिला समितीतल्या मैत्रिणी